बोटीवरची बीएमएस ‘गेली’ म्हणण्याआधी: एलएफपी बॅटरीतला दोष कसा शोधायचा

बोटीवरची लिथियम बॅटरी अचानक बंद पडली की जेटीवर पहिलं वाक्य कानावर येतं ते ‘बीएमएस गेली’. दुसरं त्याहून वाईट असतं: ‘डायरेक्ट करून टाक’, म्हणजे बीएमएस वगळून थेट जोड. कुणावर त्या दुसऱ्या वाक्यापर्यंत जायची वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.

बीएमएस म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. प्रत्येक सेलचं व्होल्टेज, तापमान आणि एकूण करंट यांच्यावर ती सतत नजर ठेवते आणि मर्यादा ओलांडली गेली की लाइन तोडते. त्यामुळे बॅटरी बंद पडली तर तीनच शक्यता उरतात. तिला बिघाड दिसला आणि तो खरोखरच होता. किंवा बिघाड नव्हता, पण एखाद्या सैल वायरीमुळे तिला तो दिसला. किंवा ती स्वतःच बिघडली. यातली तिसरी शक्यता सगळ्यात कमी वेळा खरी ठरते, आणि लोक नेमकी तिथून सुरुवात करून नवी बीएमएस मागवतात. ती बसवल्यावरही बॅटरी बंद पडतेच.

इथले सगळे आकडे चार सेलच्या १२.८ व्होल्ट एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे आहेत. लहान यॉटवर आणि मासेमारी बोटींवर दिवे, फिशफाइंडर, इन्व्हर्टर यांच्यासाठी बहुतेक हीच असते. २४ व्होल्टला आठ आणि ४८ व्होल्टला सोळा सेल, हिशोब तोच. रसायन वेगळं असेल तर मात्र हे आकडे लावू नका: कोची वॉटर मेट्रोच्या बोटींवर लिथियम टायटनेट आहे आणि त्याचा सेल २.३ व्होल्टच्या आसपास चालतो. ज्या बोटीचं प्रॉपल्शनच शेकडो व्होल्टच्या बॅटरीवर आहे, तिचा डबा आपण उघडायचाच नाही. ते काम बनवणाऱ्यांच्या प्रशिक्षित माणसाचं.

समुद्रात असाल तर

दोष शोधणं नंतर, आधी बोट सुरक्षित करा. इंजिन चालू असेल तर बॅटरीचा मेन स्विच बंद करू नका. अल्टरनेटर चालत असताना त्याच्यापुढची बॅटरी एकदम सुटली की त्याचं व्होल्टेज क्षणात उसळतं आणि त्याचे डायोड उडतात. कधी कधी सोबत व्हीएचएफ आणि जीपीएसही जातात. स्टार्टिंग बॅटरी वेगळी, लेड-ॲसिडची असेल, आणि ती असायलाच हवी, तर तिच्यावर फक्त व्हीएचएफ, जीपीएस आणि नॅव्हिगेशन दिवे ठेवा. मेन स्विच ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडणाऱ्या खुणेवर, टाकायचा मोह टाळा. रिकामी लिथियम बॅटरी जागी झाली तर भरलेल्या स्टार्टिंग बॅटरीतून तिच्यात मोठा करंट वाहेल आणि मग इंजिनही सुरू होणार नाही. परिस्थिती हाताबाहेर जातेय असं वाटलं तर व्हीएचएफचा चॅनेल १६ आहे, आणि फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

डबा गरम लागत असेल, एखादा सेल फुगला असेल, गोडसर रसायनासारखा वास किंवा पांढरी वाफ येत असेल, तर पुढचं काहीही करू नका. ती वाफ पेट घेणारी असते. हॅचेस उघडा, माणसं उघड्या डेकवर आणा, जवळचा एकही स्विच दाबू नका.

‘डायरेक्ट’बद्दल एकदाच आणि स्पष्ट सांगतो. बीएमएस वगळून चार्जिंग कधीही नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. एकच अपवाद मला मान्य आहे: बोटीत पाणी भरतंय आणि बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा) चालवायलाच हवा. तेव्हा सोलर आणि अल्टरनेटर आधी तोडून, सगळे सेल मीटरने ३.१ ते ३.४ व्होल्टमध्ये दिसत असतील तर, १५ अँपिअरच्या फ्यूजमधून फक्त पंपाला लाइन द्यावी आणि एका माणसाने सेल मोजत तिथेच बसावं.

तयारी

मल्टिमीटर हवा, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर हवा (बाजारातले स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, घेताना बघून घ्या) आणि कारच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी लावून. हा बल्ब सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. पाना टोकापर्यंत इन्सुलेशन टेपने गुंडाळा. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा: एलएफपी बॅटरी शॉर्टमध्ये हजारो अँपिअर देते आणि दोन टर्मिनलवर पडलेला पाना तिथेच वेल्ड होतो. सोलर असेल तर आधी पॅनेलची वायर काढा, मग बॅटरीची. उलटं केलं तर चार्ज कंट्रोलर बॅटरीविना पॅनेलवर लटकतो, आणि काही कंट्रोलर तेवढ्यानेच जळतात.

पहिली मोजणी

कशालाही हात लावण्याआधी फोनवरच्या बीएमएसच्या ॲपचा स्क्रीनशॉट घ्या. बऱ्याच बीएमएस शेवटचा अलार्म दाखवतात, आणि रीसेट केला की तो जातो.

आता मुख्य टर्मिनलवर मीटर लावा. समजा १२.१ व्होल्ट दिसले. यावर विश्वास ठेवू नका. बंद बीएमएसमधूनही किंचित गळती असते आणि मीटरला तेवढी पुरते. टर्मिनलवर तो २१ वॅटचा बल्ब लावून पुन्हा मोजा. व्होल्टेज टिकलं तर लाइन चालू आहे, दोष पुढे फ्यूजमध्ये, बसबारवर (धातूच्या जोडपट्टीवर) किंवा स्विचमध्ये शोधा. कोसळून शून्याजवळ आलं तर बीएमएसने डिस्चार्ज बंद केला आहे.

मग प्रत्येक सेल थेट त्याच्या स्वतःच्या स्टडवर (नट बसतो त्या खुंटीवर) मोजा, वायरीच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही, आणि तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत कागदावर लिहा. शेजारी ॲप काय सांगतंय तेही लिहा. दोन्ही रकान्यांत १०-२० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक पडला की ‘बीएमएसला चुकीचं दिसतंय’ हा प्रकार. फरक नाही, पण एखादा सेल खरंच ३.६५च्या वर किंवा २.५च्या जवळ आहे, तर बीएमएसने तिचं काम चोख केलं. बॅटरी सीलबंद असेल तर सेलपर्यंत पोहोचता येत नाही, फक्त ॲप आणि बल्ब यांवरच भागवावं लागतं. म्हणूनच सेल न दिसणारी आणि ॲपही नसलेली बॅटरी बोटीवर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

ॲपमधल्या टक्केवारीला मात्र या तपासात जागा नाही. लहान करंट बऱ्याच बीएमएस मोजतच नाहीत, त्यामुळे ‘४० टक्के’ दाखवत बॅटरी बंद पडते. एलएफपीचं व्होल्टेज बहुतेक काळ ३.२ ते ३.३च्या पट्ट्यातच असतं, त्यावरूनही नेमका अंदाज येत नाही. ३.०च्या खाली सेल म्हणजे जवळपास रिकामा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सेल खरंच खाली गेले असतील तर

सगळे सेल २.५ ते २.८च्या दरम्यान असतील तर बॅटरी फक्त झोपली आहे. अडचण अशी की बरेच चार्जर समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. चार्जरला लिथियम वेकअप असेल तर तो वापरा. नसेल तर एक चांगली १२ व्होल्टची बॅटरी घ्या आणि तिच्या प्लसपासून बंद बॅटरीच्या प्लसपर्यंतच्या वायरीत तोच बल्ब ओवा. मायनसला मायनस जोडा. बल्ब करंट दीड-दोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. बीएमएस जागी झाली की चार्जर लावा आणि तासभर सेल बघत राहा.

एखादा सेल २.५च्या खाली असेल तर त्या एकट्याला बेंच पॉवर सप्लायने, ५ अँपिअरच्या आत, ३.० व्होल्टपर्यंत आणा. आधी व्होल्टेज सेट करा, मग वायर जोडा. तो गरम होऊ लागला किंवा सप्लाय काढल्यावर तासाभरात घसरला, तर सेल बाद. २ व्होल्टच्या खाली दिवसेंदिवस पडून राहिलेला सेल व्होल्टेजवर परत आला तरी मी बोटीवर ठेवणार नाही. आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं, आणि पुढच्या चार्जिंगमध्ये त्यातून आतल्या आत शॉर्ट होतो.

चार्जिंग मध्येच तुटत असेल तर

दिवसभर सगळं ठीक, बॅटरी भरत आली की एकदम बंद, थोड्या वेळाने आपोआप चालू, पुन्हा बंद. हे जवळजवळ नेहमी असंतुलन असतं. चार्जर १४.४ देतोय, म्हणजे सरासरी ३.६, पण तीन सेल ३.४५वर असताना चौथा ३.६५ ओलांडतो आणि बीएमएस चार्जिंग तोडते. अल्टरनेटर थेट लिथियमवर असेल तर प्रत्येक वेळी त्यालाही झटका बसतो.

‘बीएमएस बॅलन्स करेल की’, म्हणजे सगळे सेल सारख्या पातळीवर आणेल, म्हणून सोडून देण्याआधी हिशोब करा. साध्या बीएमएसचा बॅलन्सिंग करंट ५० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. २८० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३ टक्क्यांचा फरक म्हणजे ८.४ अँपिअर-तास. ५० मिलिअँपिअरने तो काढायला १६८ तास लागतात, म्हणजे पूर्ण आठवडा, तोही बॅटरी सतत भरलेली ठेवली तर, कारण बॅलन्सिंग साधारण ३.४ व्होल्टच्या वरच सुरू होतं. उंच गेलेल्या एकट्या सेलवर छोटा लोड लावून त्याला खाली आणणं किंवा मागे राहिलेल्यांना सुटं चार्ज करणं जास्त शहाणपणाचं. सगळ्यात पक्की पद्धत म्हणजे बॅटरीचे जोड सोडवून चारही सेल पॅरलल जोडायचे आणि ३.६ व्होल्टवर करंट जवळपास शून्य होईपर्यंत भरायचे. नंतर चार्जर १३.८ ते १४.०वर आणून ठेवा. क्षमता फारशी कमी होत नाही आणि कडेलोटाची वेळ येत नाही.

चार्जर लेड-ॲसिडचा असेल तर इक्वलायझेशन, डिसल्फेशन आणि टेम्परेचर कॉम्पेन्सेशन बंद केलं आहे का ते बघा. पहिल्या दोन सेटिंग्जमध्ये व्होल्टेज १५च्या वर जातं आणि बिचारी बीएमएस दर वेळी मध्ये पडते.

सेन्स वायर: खाऱ्या हवेचा पहिला बळी

चार सेलच्या बॅटरीला पाच बारीक वायरी असतात आणि बीएमएसला जे काही दिसतं ते त्यांच्यातूनच. बोटीवरचे बहुसंख्य ‘बीएमएस फॉल्ट’ मला इथेच सापडलेले आहेत. ओळखायची खूण अगदी ठरलेली आहे. स्टडवर मीटरने चारही सेल ३.३३, ॲपमध्ये मात्र ३.३३, ३.३३, २.९२ आणि ३.७४. शेवटच्या दोघांची बेरीज करा: ६.६६, म्हणजे दोन निरोगी सेलची. एक खाली आणि शेजारचा तेवढाच वर, बेरीज बरोबर: दोष तिसऱ्या आणि चौथ्या सेलमधल्या वायरीत. बीएमएस तिथे एकाच वेळी ओव्हरव्होल्टेज आणि घसरता सेल बघतेय, दोन्ही खोटे.

ती वायर नुसती आवळून समाधान मानू नका. लगवरची स्लीव्ह ब्लेडने कापा. बाहेरून चकचकीत असलेल्या लगच्या मानेत हिरवी पूड सापडेल. मग वायरीचं इन्सुलेशन थोडं थोडं सोलत मागे या: तांबं लालसर दिसायला हवं, ते काळं आणि ठिसूळ लागेल, कधी कधी बोट-दोन बोटं आतपर्यंत. खारं पाणी तारांच्या मधून असंच वर चढतं. काळा भाग पूर्ण कापून टाका, कथील चढवलेली मरीन वायर वापरा, चांगल्या क्रिंपरने दाबा आणि आतून गोंद असलेली हीटश्रिंक चढवा.

एक नियम मोडू नका: सेलचा एकही नट सैल करण्याआधी सेन्स वायरींचा प्लग बीएमएसमधून काढायचा आणि तो सगळ्यात शेवटी लावायचा. लोड चालू असताना मधला बसबार सुटला तर पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज उलटं होऊन सेन्स इनपुटवर येतं आणि चांगली बीएमएस त्या क्षणी मरते. प्लग परत लावण्याआधी त्याच्या पिना मीटरने मोजा. पहिल्या पिनपासून ०, ३.३, ६.६, ९.९, १३.२ असा चढता क्रम दिसलाच पाहिजे.

तापमान

कोकणात कुणाच्या बोटीवर ॲप उणे ३० किंवा ४० अंश दाखवत असेल तर तापमानाचा सेन्सर तुटला आहे. शून्याखाली एलएफपी चार्ज करायची नसते, म्हणून बीएमएस चार्जिंग बंद ठेवते. डिस्चार्ज कधी कधी चालूही राहतो. सेन्सर सुटा काढून ओहम मोजा. सर्रास वापरला जाणारा १० किलोओहमचा प्रकार २५ अंशांना १० आणि ३५ अंशांना ७ किलोओहमच्या आसपास दाखवतो. अमर्याद आला तर तुटलेला.

खरं गरम होणंही आहेच. मे महिन्यात इंजिनरूममध्ये बॅटरी ठेवली तर दुपारी चार्जिंग तुटणारच. तिथे बीएमएसची मर्यादा वाढवू नका, बॅटरीची जागा बदला.

लोड टाकताच बंद

इन्व्हर्टर जोडताना ठिणगी उडते आणि बीएमएस ट्रिप होते, कारण त्याच्यातले रिकामे कपॅसिटर क्षणभर शॉर्टसारखे वागतात. आधी त्याच बल्बमधून काही सेकंद जोडा, मग थेट. विंच किंवा अँकर विंडलासवर बंद पडत असेल तर सुरू होतानाचा करंट क्लॅम्पने मोजा आणि बीएमएसच्या रेटिंगशी ताडून बघा. इथे बहुतेक वेळा बीएमएस लहान निवडलेली असते. ५० अँपिअर चालू असताना प्रत्येक जोडावर मिलिव्होल्टही मोजा: १०० दिसले तर त्या एका जोडात ५ वॅट उष्णता तयार होतेय.

आता बीएमएस स्वतः

सेल बरोबर, वायरी बरोबर, तापमान बरोबर, तरी लाइन बंद? आता बोर्डाकडे वळा. बॅटरीच्या बाजूचा बी-मायनस आणि बाहेर जाणारा पी-मायनस यांच्यामध्ये मीटर लावा, लोड जोडलेला ठेवून. चालू बीएमएसवर काही मिलिव्होल्ट ते काही दहा मिलिव्होल्ट दिसतात. जवळपास पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज दिसलं तर डिस्चार्जचे मॉस्फेट, म्हणजे बोर्डावरचे इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद आहेत. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर चार्जचे बंद आहेत आणि करंट त्यांच्या आतल्या डायोडमधून वाट काढतोय. अशा वेळी बोर्ड झपाट्याने तापतो, मोठा लोड लगेच काढा.

पण मला खरी भीती वाटते ती याच्या उलट प्रकाराची. मॉस्फेट जळतात तेव्हा बऱ्याचदा शॉर्ट होऊन जळतात. मग दिवे लागतात, पंप चालतो, सगळं छान दिसतं, आणि संरक्षण शून्य असतं. तपासणी सोपी आहे: बल्ब लावा आणि ॲपमधून डिस्चार्ज बंद करा. बल्ब विझला नाही तर बीएमएस खरोखर गेली आहे, मग बोट कितीही सुरळीत चालत असो. चार्जर लावून चार्जचा स्विचही असाच तपासा.

एकच सेल रोज मागे पडत असेल तर तो सेल आपोआप रिकामा होतोय की बोर्ड त्याला रिकामा करतोय, हे प्लग काढून दोन-तीन दिवस ठेवल्यावर कळतं. तरीही पडला तर दोष सेलचा. थांबला तर बोर्डावरचा त्या चॅनेलचा बॅलन्सर चालूच अडकलाय. खारं पाणी गेलेला बोर्ड धुऊन परत वापरू नका, मिठाचा थर त्याच्यावर पुन्हा गळती करतो.

बाहेरचा कॉन्टॅक्टर (कॉइलने चालणारा मोठा स्विच) असलेली रचना असेल तर कॉइलवर व्होल्टेज मोजा. येतंय आणि कॉन्टॅक्ट जुळत नाही तर कॉन्टॅक्टर बाद. येतच नाही तर बीएमएसचं आउटपुट, मधला फ्यूज किंवा इमर्जन्सी स्टॉप. कॉइल बंद करूनही लाइन चालू राहिली तर कॉन्टॅक्ट चिकटलेत, तेही तितकंच धोक्याचं.

नवी बसवल्यावर

सेलची संख्या आणि रसायन ॲपमध्ये स्वतः तपासा, आलेल्या सेटिंगवर विसंबू नका. बॅटरीजवळ क्लास-टी फ्यूज असू द्या. साध्या फ्यूजला एलएफपीचा शॉर्ट करंट तोडता येईलच असं नाही. लाइन तुटण्याआधी अलार्म वाजेल अशी बीएमएस निवडा. अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०२२च्या ई-१३ मानकातही हाच आग्रह आहे. अल्टरनेटर थेट लिथियमवर नको: तो स्टार्टिंग बॅटरीला जोडा आणि तिथून डीसी-डीसी चार्जरने लिथियमला द्या. मग बीएमएसने लाइन तोडली तरी अल्टरनेटरसमोर बॅटरी असतेच.

जेटी सोडण्याआधी संरक्षण चालतं का ते बघा, आणि त्यासाठी सेलना त्रास द्यायची गरज नाही. सेल ३.३०वर आहेत? ओव्हरव्होल्टेजची मर्यादा क्षणभर ३.२५ करा, चार्जिंग तुटलं पाहिजे. ती परत ३.६५ करा. मग अंडरव्होल्टेजची मर्यादा ३.३५वर न्या, बल्ब विझला पाहिजे. तीही परत मूळ जागी आणा आणि दोन्ही आकडे मूळ जागी आलेत याची ॲप बंद करून, पुन्हा उघडून खात्री करा.

बंदीच्या काळात

१ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे ६१ दिवस, बोटी वर ओढलेल्या असतात आणि बॅटऱ्या विसरल्या जातात. ब्लूटूथवाली बीएमएस काहीही न करता २० मिलिअँपिअर खात असेल तर ६१ दिवसांत २९ अँपिअर-तास जातात. शेवटच्या फेरीनंतर रिकामी तशीच ठेवलेली बॅटरी एवढ्यात संपते, आणि त्यात एखादा ट्रॅकर किंवा दिवा जोडलेला राहिला तर मोठीही संपते. म्हणून मेच्या अखेरीस ती निम्म्यापर्यंत भरा, मेन स्विचच नव्हे तर टर्मिनलवरची वायर काढा, बीएमएसला स्लीप मोड असेल तर तो लावा, आणि जुलैच्या सुरुवातीला एकदा सेल मोजून या. नारळी पौर्णिमेनंतर बोट उतरवताना आधी सेल मोजा, मग १० अँपिअरच्या आत हळू चार्ज करा, आणि चारही सेल एकमेकांच्या २० मिलिव्होल्टच्या आत आल्यावरच इन्व्हर्टर आणि विंच जोडा.